रक्ताची गुठळी आणि हाडाचा कर्करोग

शेतात कापणी करताना विळा लागतो, विळीवर मासळी चिरताना बोट कापते, किंवा शाळेतून धावत घरी येणारे पोर अंगणातल्या दगडावर आपटून गुडघा फोडून घेते. आपण काय करतो? जखम धुतो, दाबून धरतो, कोणी चिमूटभर हळद लावतो, आणि घटकाभराने रक्त थांबले म्हणजे ती गोष्ट विसरून जातो. रक्त हळदीने थांबले असे आजीबाईंस वाटते. दाबून धरल्याने थांबले असे शाळामास्तरांस वाटते. दाबण्याचा उपयोग होतो हे खरे, पण मुख्य काम त्या दोघांच्याही नजरेआड रक्ताने स्वतःच उरकलेले असते. त्या कामाची, आणि ते काम सुरू करून देणाऱ्या एका प्रथिनाची हकीकत आज वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे. कारण मुलांच्या हाडांस होणाऱ्या एका दारुण रोगावर उपाय शोधणारे काही शास्त्रज्ञ सध्या नेमक्या याच प्रथिनाचा माग काढीत आहेत.

रक्त शिरांतून वाहत असते तोवर पातळ राहते आणि बाहेर पडले की थिजते. ही गोष्ट इतकी नित्याची आहे की तिचे नवल आपणांस वाटेनासे झाले आहे. वास्तविक हे मोठे अवघड काम होय. रक्त शिरेतच थिजले तर माणूस दगावतो, आणि बाहेर पडूनही थिजले नाही तरी दगावतो. ही दोन्ही संकटे टळावीत अशी व्यवस्था शरीरात आहे. रक्त गोठविणारी प्रथिने रक्तात सदैव हजर असतात, पण निजलेल्या स्थितीत. त्यांस जागे करणारे प्रथिन मात्र एरवी वाहत्या रक्ताच्या वाटेत नसते; ते शिरांच्या अस्तराबाहेर, भोवतालच्या पेशींच्या पृष्ठभागावर, पहाऱ्यावर असल्यासारखे उभे असते. त्याचे नाव टिश्यू फॅक्टर. रक्त गोठविणाऱ्या घटकांस शास्त्रज्ञांनी क्रमांक दिले आहेत, त्यांत याचा क्रमांक तिसरा. शीर तुटून रक्ताचा या पहारेकऱ्याशी स्पर्श झाला, की तो रक्तातील सातव्या घटकास हाताशी धरतो. ती जोडी दहाव्यास उठविते. दहाव्याच्या योगे थ्रॉम्बिन निर्माण होते. आणि थ्रॉम्बिन हे रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे तयार करते. मासेमाराने जाळे फेकावे तसे हे धागे पसरतात, त्यांत प्लेटलेट नावाचे चिकट कण आणि तांबड्या पेशी अडकतात, आणि गुठळी बनते. प्लेटलेट हा शब्द अलीकडे डेंग्यूच्या साथींमुळे घरोघरी पोहोचला आहे; त्याची अधिक ओळख करून देण्याचे कारण नाही.

ज्यांच्या शेतास पाटाचे पाणी आहे त्यांस ही व्यवस्था चटकन उमगेल. पाटाचा बांध धड असतो तोवर पाणी निमूटपणे आतून वाहते. बांधाच्या बाहेर चिखलाचे ढीग रचून एक गडी बसविला आहे. बांध फुटून पाणी त्याच्या पायास लागले की तो उठतो, हाका मारतो, आणि भगदाड बुजविले जाते. आता अशी कल्पना करा की हाच गडी बांध ओलांडून पाटात उतरला आणि पाण्याबरोबर वाहत निघाला. पाण्याचा स्पर्श त्यास अखंड होत आहे. तो जाईल तेथे हाका मारीत आणि चिखल थापीत जाणार. कर्करोगाच्या काही पेशी अंगावर टिश्यू फॅक्टर घेऊन रक्तात शिरतात तेव्हा असाच प्रकार घडतो.

हाडांचे कर्करोग अनेक आहेत. वयस्कर माणसांच्या हाडात आढळणारा कर्करोग बहुधा दुसऱ्या अवयवातून तेथे उतरलेला असतो. आज आम्ही ज्याविषयी लिहीत आहोत तो ऑस्टिओसार्कोमा मात्र हाडातच उगवतो आणि मुख्यत्वे वाढत्या वयाच्या मुलामुलींस गाठतो. मुलांच्या हाडांत जन्मणाऱ्या कर्करोगांत याचे प्रमाण सर्वांत अधिक आहे, जरी एकंदरीने पाहता हा रोग विरळाच म्हटला पाहिजे. उंची झपाट्याने वाढू लागते तो काळ याचा. आणि जागा बहुधा गुडघ्यालगतची, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाची किंवा नडगीच्या वरच्या टोकाची, क्वचित खांद्याजवळची. हाड जेथे सर्वांत वेगाने वाढते तेथेच हा रोगही डोके वर काढतो.

कॅनडा देशातील टेरी फॉक्स या तरुणाचे नाव पुष्कळ वाचकांच्या कानावरून गेले असेल. 1976 च्या नोव्हेंबरात मोटारीच्या अपघातात त्याचा उजवा गुडघा दुखावला. पुढे दुखणे राहिले तेव्हा त्याने ते अपघाताच्या खाती मांडले, आणि बास्केटबॉलचा हंगाम संपेपर्यंत तसेच अंगावर काढले. 1977 च्या मार्च महिन्यात निदान झाले ते ऑस्टिओसार्कोमाचे. वयाच्या अठराव्या वर्षी त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. त्यानंतर अनेक महिने औषधे चालली. रुग्णालयात बरोबरीची मुले कशी सोसतात हे त्याने पाहिले होते. 12 एप्रिल 1980 रोजी तो कृत्रिम पायावर कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिमेकडे, कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवीत, धावू लागला. 143 दिवसांत तो 5,373 किलोमीटर धावला. 1 सप्टेंबरला थंडर बे या शहराजवळ खोकला आणि छातीतील कळा यांमुळे त्यास थांबावे लागले. कर्करोग फुप्फुसांत पोहोचला होता. 28 जून 1981 रोजी, तेविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, त्याचे निधन झाले.

पाय तर कापला होता. मग फुप्फुसात रोग कोठून आला? या प्रश्नातच ऑस्टिओसार्कोमाची सारी क्रूरता आहे. तो रोगी पायाने मरत नाही, फुप्फुसाने मरतो. गाठ हाताला लागते त्या वेळेपर्यंत बहुतेक रोग्यांत काही पेशी मूळ जागा सोडून रक्तात शिरलेल्या असतात. पायाकडून परतणारे रक्त प्रथम हृदयाच्या उजव्या बाजूस आणि तेथून थेट फुप्फुसांतील केसाहून बारीक वाहिन्यांत जाते. तेथे त्या पेशी अडकतात, रुजतात, आणि महिन्यांनी किंवा वर्षांनी छातीच्या चित्रात ठिपके होऊन दिसू लागतात. केवळ शस्त्रक्रियेवर भिस्त होती त्या काळात दहांपैकी आठ मुले अशा रीतीने जात असत.

पुढे औषधे आली, आणि त्यांतील प्रमुख औषधाशी एका भारतीयाचे नाव निगडित आहे हे येथे सांगितलेच पाहिजे. भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या देखरेखीखालील कामातून मेथोट्रेक्सेट हे औषध निघाले. सुब्बाराव 1948 मध्ये वारले. 1970 नंतरच्या वर्षांत बॉस्टन येथे नॉर्मन जॅफी यांनी हेच औषध फार मोठ्या मात्रेत देऊन ऑस्टिओसार्कोमावर त्याचा प्रभाव दाखविला. औषधांचा खरोखर किती उपयोग होतो याविषयीचा वाद 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीने मिटविला. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दोन वर्षांनंतर रोगमुक्त राहिले 17 टक्के; शस्त्रक्रियेबरोबर औषधेही मिळालेल्यांपैकी 66 टक्के. आज रोग हाडापुरताच दिसत असताना उपचार झाले तर शंभरांतील साठ ते सत्तर मुले वाचतात, आणि अनेकांचा पाय न कापता रोगट हाड काढून धातूचा सांधा बसविता येतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात तर महागडे आणि रक्तातील प्रमाणावर सतत नजर ठेवावी लागणारे मेथोट्रेक्सेट वगळून, इतर औषधांची जोडणी करूनही ही चिकित्सा यशस्वीपणे चालविली आहे. गरिबांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु निदानाच्या वेळीच रोग फुप्फुसांत दिसत असेल, तर वाचणाऱ्यांचे प्रमाण शंभरांत वीस-तीसच्या आसपास राहते. आणि दुःखाची गोष्ट अशी की, हे दोन्ही आकडे गेल्या चाळीस वर्षांत फारसे हललेले नाहीत. इतर कित्येक कर्करोगांवर एकामागून एक नवी औषधे निघाली. या रोगात मात्र वैद्य अजून बहुतांशी 1980 च्या दशकातील हत्यारांनीच झुंजत आहेत. नवे हत्यार हवे असेल तर पेशींचा हाडापासून फुप्फुसापर्यंतचा प्रवासच अडविला पाहिजे, असे शास्त्रज्ञांना वाटू लागले. तेथे आपल्या टिश्यू फॅक्टरचा संबंध येतो.

कर्करोग आणि रक्ताची गुठळी यांचे नाते तसे जुने आहे. पॅरिस येथील ओतेल-द्यू या रुग्णालयातील नामांकित वैद्य आर्मां त्रूसो यांनी 1865 मध्ये आपल्या विद्यार्थ्यांस सांगितले की, एखाद्या रोग्याच्या पायात कारणाशिवाय गुठळी होऊन पाय सुजला आणि पोटाच्या दुखण्याचे निदान होत नसेल, तर आत कर्करोग दडला असल्याचा संशय घ्यावा. पुढे 1867 च्या वर्षारंभी त्यांनी आपल्या एका शिष्यास बोलावून सांगितले की आता आपण वाचत नाही. रात्री शीर सुजली आहे, तेव्हा रोगाच्या स्वरूपाविषयी शंका उरली नाही. त्याच वर्षी जून महिन्यात पोटातील कर्करोगाने ते वारले. स्वतः शिकविलेला धडा स्वतःच्या देहावर वाचण्याचा प्रसंग किती वैद्यांवर आला असेल! त्रूसो यांस गुठळी हे कर्करोगाचे चिन्ह म्हणून दिसले. ती कर्करोगाची हस्तकही असू शकते, हे कळण्यास आणखी शंभर वर्षे जावी लागली.

1968 मध्ये अमेरिकेत गॅब्रिएल गॅसिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या रक्तातील प्लेटलेट कमी करून पाहिल्या. तसे केल्यावर रक्तात सोडलेल्या कर्करोगाच्या पेशींपासून फुप्फुसांत होणाऱ्या गाठी कमी झाल्या. याचे कारण पुष्कळ काळ अंधारातच होते. रक्ताचा प्रवाह कर्करोगाच्या पेशीस सुखाचा नसतो. तेथे ती एकटी असते, लोटली जाते, आपटली जाते. शिवाय रक्तात परक्या व बिघडलेल्या पेशींस मारणाऱ्या रक्षक पेशी फिरत असतात. हजारो पेशी रक्तात शिरल्या तरी त्यांतील एखादीच कोठे तरी रुजते. पण ज्या पेशीच्या अंगावर टिश्यू फॅक्टर आहे तिच्याभोवती फायब्रिनचे धागे आणि प्लेटलेट जमतात. ती घोंगडी पांघरते म्हणा ना! 2005 मध्ये सिनसिनाटी येथील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की या पांघरुणामुळे रक्षक पेशींचा मारा कर्करोगाच्या पेशीपर्यंत नीट पोहोचत नाही. आपल्या जखमा भरून काढण्यासाठी असलेली वस्तू चोराने अंगाभोवती गुंडाळली आणि पहारा चुकविला, असा हा मामला आहे.

हे झाले सर्वसाधारण कर्करोगांविषयी. ऑस्टिओसार्कोमाविषयी विशेष महत्त्वाचे काम ओहायो प्रांतातील क्लीव्हलँड या शहरी, केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात झाले. जेम्स मॉरो, पीटर स्कॅचेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते 2018 मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांनी एक साधा पण मार्मिक प्रश्न विचारला: हाडातील मूळ गाठीच्या पेशी आणि फुप्फुसात जाऊन वसलेल्या पेशी यांत फरक तो कोणता? प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच ग्रंथ असतो. पण त्यातील कोणते पान उघडावे आणि कोणते मिटून ठेवावे हे ठरविणाऱ्या कळा जनुकांच्या मधल्या जागांत विखुरलेल्या असतात. फुप्फुसात गेलेल्या पेशींत अशा अनेक कळा बदललेल्या आढळल्या. त्या बदललेल्या कळांपैकी एक टिश्यू फॅक्टरच्या जनुकाची होती. ती दाबलेली राहिल्याने त्या पेशी हे प्रथिन अधिक प्रमाणात बनवीत होत्या. नंतर संशोधकांनी ती कळच कापून टाकली आणि अशा पेशी उंदरांस टोचल्या; तेव्हा फुप्फुसांत गाठी होण्याची त्यांची शक्ती पुष्कळच खालावली. म्हणजे टिश्यू फॅक्टर हा या पेशींच्या प्रवासातील केवळ योगायोगाचा सोबती नव्हे. त्याच्यावाचून त्यांचे अडते.

ही बातमी आमच्या धर्मग्रामातील एका घरीही मोबाइलवरून येऊन पोहोचली होती. त्या घरच्या मातेने आम्हांस विचारले, "फादर, आमच्या मामंजींना हृदयासाठी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत. त्याच गोळ्या अशा मुलाला दिल्या, तर काम नाही का होणार?"

प्रश्न अगदी शहाणपणाचा आहे. हाच प्रश्न मोठमोठ्या रुग्णालयांनीही विचारला आणि त्यावर पुष्कळ वर्षे खर्च केली. रक्त पातळ करणाऱ्या औषधांपैकी वॉरफॅरिन हे तर एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून निघाले. 1933 च्या हिवाळ्यात अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांताचा एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड आणि दुधाच्या किटलीत न गोठलेले रक्त घेऊन कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारी गेला. गुरांनी बुरसलेला गवती चारा खाल्ला होता. त्या चाऱ्यातील विषारी द्रव्य शोधता शोधता त्याच जातीचे वॉरफॅरिन हाती लागले. 1948 पासून ते उंदीर मारण्यास वापरले गेले आणि काही वर्षांतच मोजक्या मात्रेत माणसांचे औषध ठरले. 1981 मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून झालेल्या एका चाचणीत, फुप्फुसाच्या एका विशिष्ट कर्करोगाचे रोगी वॉरफॅरिनमुळे जवळजवळ दुप्पट काळ जगल्याचे दिसले. मोठी आशा उत्पन्न झाली. पण इतर कर्करोगांत तसा लाभ आढळला नाही. 2016 मध्ये ब्रिटनमधील एका चाचणीचा निकाल आला. तीत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या 2,202 रोग्यांपैकी निम्म्यांस नेहमीच्या उपचारांबरोबर रक्त पातळ करणारी टोचणी दिली होती. त्यांच्या पायांत गुठळ्या कमी झाल्या, पण आयुष्य वाढले नाही. आणि रक्तस्रावाचा उपद्रव मात्र वाढला.

ऑस्टिओसार्कोमाच्या मुलास अशा गोळ्या देणे तर अधिकच धोक्याचे. कर्करोगाच्या औषधांनी त्याच्या प्लेटलेट अगोदरच खाली आलेल्या असतात. त्यात रक्त आणखी पातळ केले तर नाकातून, हिरड्यांतून, प्रसंगी मेंदूत रक्तस्राव होण्याचे भय असते. आजोबांच्या डबीतील गोळी नातवास कधीही देऊ नये. याच्या उलट, कर्करोगाच्या एखाद्या रोग्याचा एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, किंवा एकाएकी धाप लागली, तर ती थकव्यामुळे असेल म्हणून घरी थांबू नये. ती गुठळी असू शकते, आणि त्या वेळी रक्त पातळ करण्याचे औषध वैद्याच्या हातून मिळणे हेच प्राण वाचविणारे ठरते.

गोळ्यांनी काम का होत नाही, याचे एक कारण आता कळू लागले आहे. टिश्यू फॅक्टर दोन धंदे करतो. रक्त गोठविण्याचा धंदा आपण पाहिला. दुसरा असा की तो पेशीच्या आत निरोप धाडतो, आणि कर्करोगाच्या पेशीत त्या निरोपाचा अर्थ होतो, "वाढा, पसरा." वॉरफॅरिन रक्ताचा गोठण्याचा व्यवहार सरसकट मंद करते, मग ती गुठळी रोगाची असो की जखमेची. आपणांस हवे आहे ते रोगी पेशीवरील टिश्यू फॅक्टरचे तोंड बंद करणे, जखमेवरच्या टिश्यू फॅक्टरचे हात बांधणे नव्हे. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संशोधन संस्थेत वोल्फ्राम रूफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये एक मोठी सूचक गोष्ट दाखविली. त्यांच्याजवळ टिश्यू फॅक्टरला चिकटणारे एक प्रतिपिंड होते, जे त्याचा निरोप अडविते पण रक्त गोठविण्याच्या कामात जवळजवळ ढवळाढवळ करीत नाही. उंदरांत वाढविलेल्या स्तनाच्या कर्करोगाची वाढ या प्रतिपिंडाने मंदावली. दोन्ही धंदे निराळे करता येतात, हे यावरून दिसले.

तिसरी एक वाट आहे, आणि ती प्रयोगशाळेतून रुग्णालयापर्यंत पोहोचली आहे. कर्करोगाच्या पेशीवर टिश्यू फॅक्टर मुबलक असतो ना? मग त्याचा उपयोग घराच्या क्रमांकासारखा करावा. प्रतिपिंडाच्या पाठीवर पेशी मारणारे विष बांधून द्यावे. प्रतिपिंड तो क्रमांक शोधीत जाईल, पेशी त्यास आत ओढून घेईल, आणि विष आत सुटेल. टिसोटुमॅब व्हेडोटिन या नावाचे असे औषध अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी सप्टेंबर 2021 मध्ये गर्भाशयमुखाच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगासाठी प्रथम सशर्त मान्य केले, आणि एप्रिल 2024 मध्ये त्यास पूर्ण मान्यता मिळाली. पण तो क्रमांक केवळ चोराच्याच घरावर लिहिलेला नाही. डोळ्याच्या पृष्ठभागावरील पेशींवरही टिश्यू फॅक्टर असतो. त्यामुळे या औषधाने डोळे लाल होणे, कोरडे पडणे, बुबुळावर जखमा होणे असे त्रास उद्भवतात, आणि प्रत्येक वेळी औषधाबरोबर डोळ्यांत थेंब घालून नेत्रवैद्याकडून तपासणी करून घ्यावी लागते. कित्येकांच्या नाकातून रक्तही येते. ज्या प्रथिनाचे काम सर्व शरीरभर आहे त्याच्यावर नेम धरला म्हणजे असे होणारच.

टिश्यू फॅक्टरवर नेम धरणारे एकही औषध हाडाच्या कर्करोगासाठी अद्याप मान्य झालेले नाही, हे आम्ही स्पष्टपणे लिहून ठेवतो. कोणी तसे सांगून पैसे मागत असेल तर त्यास दाराबाहेरची वाट दाखवावी. उंदरात दिसलेला गुण मुलांत दिसेलच असे नाही. वैद्यकाच्या इतिहासात अशा निराशेची उदाहरणे पुष्कळ आहेत. शिवाय हा रोग विरळ असल्यामुळे चाचणीस पुरेशी मुले जमविण्यासच अनेक देशांची रुग्णालये एकत्र यावी लागतात, आणि ज्या औषधास गिऱ्हाईक थोडे त्यावर पैसा लावण्यास कारखानदार नाखूश असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे औषध आधी निघाले आणि मुलांच्या हाडाचे मागे राहिले, यात शास्त्राइतकाच हिशेबाच्या वहीचाही भाग आहे असे आमचे मत आहे.

तोपर्यंत आपल्या खेड्यांतून जे करता येण्यासारखे आहे त्यास क्लीव्हलँडच्या प्रयोगशाळेची जरूर नाही. वाढत्या मुलांचे पाय दुखतात. दिवसभर हुंदडलेले पोर रात्री पोटऱ्या धरून रडते, आई तेल चोळते, आणि सकाळी ते पुन्हा उड्या मारीत शाळेस जाते. असे दुखणे बहुधा दोन्ही पायांत असते, येते आणि जाते. त्याची धास्ती घेऊ नये. परंतु दुखणे एकाच जागी, विशेषतः गुडघ्याच्या किंचित वर किंवा खाली, आठवड्यामागून आठवडे राहिले, रात्री झोपेतून उठवू लागले, त्या जागी सूज आली, किंवा मूल लंगडू लागले, तर दोन-तीन आठवड्यांहून अधिक वाट पाहू नये. मूल खेळताना पडले होते, म्हणून दुखत असेल, हे समाधान पुरेसे नाही. पडल्याने हा रोग होत नाही. पडल्यामुळे आधीच्या दुखण्याकडे लक्ष जाते, आणि तेच निमित्त पुढे महिनेच्या महिने दिशाभूल करते. टेरी फॉक्सच्या बाबतीत तेच झाले होते.

आपल्याकडे अशा वेळी पहिली धाव हाड बसविणाऱ्याकडे असते. त्यांतील काहींच्या हातास गुण आहे, निखळलेला खांदा ते सफाईने बसवितात, हे आम्ही नाकारीत नाही. पण सुजलेला गुडघा चोळणे, ओढणे, पाला बांधून घट्ट पट्ट्या आवळणे यांनी ऑस्टिओसार्कोमास काडीचाही फरक पडत नाही, रोगाने पोखरलेले हाड मोडण्याचा संभव असतो, आणि मोलाचा वेळ जातो तो निराळाच. ज्या मुलाचा रोग अजून हाडापुरता आहे आणि ज्याचा फुप्फुसांत गेला आहे, त्यांच्यातील अंतर वर दिलेल्या आकड्यांत आहे. गुडघ्याचा एक साधा क्ष-किरण फोटो तालुक्याच्या गावी निघतो. त्यासाठी बस भाडे आणि एका दिवसाची मजुरी बुडते, याची आम्हांस कल्पना आहे. तरी तो काढावा.

फोटोत संशयास्पद काही दिसले, तर गाठीचा तुकडा तपासणीसाठी कोठेही काढून घेऊ नये. हा तपशील लहान वाटतो, पण त्यावर मुलाचा पाय राहणे न राहणे अवलंबून असते. सुई किंवा सुरी ज्या वाटेने आत जाते त्या वाटेवर रोगाच्या पेशी सांडू शकतात, म्हणून पुढे शस्त्रक्रियेत ती सारी वाटही कापून काढावी लागते. ती चुकीच्या जागी असेल तर एरवी वाचविता आला असता तो पाय वाचविता येत नाही. यासाठी जो शल्यवैद्य शेवटची शस्त्रक्रिया करणार असेल त्यानेच, किंवा त्याच्या सांगण्यावरून, तो तुकडा काढावा. क्ष-किरणाचे फोटो, सारे कागद आणि घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून, मूल कोणत्या तारखेपासून दुखण्याची तक्रार करू लागले ते लिहून, तडक कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयात जावे.